तुळशीच्या लग्नानंतर गालिचा धुताना

गोव्यात लोकरी गालिचा सांभाळायचा तर धुण्यापेक्षा सुकवण्याचं काम मोठं असतं. पाणी आपल्याकडे भरपूर, साबण कुठल्याही दुकानात मिळतो, हात घरचेच. पण ओला गालिचा गाठींच्या मुळापर्यंत कोरडा करील अशी हवा वर्षातून मोजकेच महिने असते. तुळशीचं लग्न झालं, म्हणजे आमची व्हडली (मोठी) दिवाळी आटोपली, की ती सुरू होते. शिगमो संपता संपता अंगाला पुन्हा चिकटपणा जाणवू लागतो. मधल्या महिन्यांत गालिचा धुवावा आणि बाकीचं वर्ष तो राखावा. हे सविस्तर लिहायला घेतलं, कारण गालिच्यांच्या निगेबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या मुलखातलं असतं. ‘धुवा आणि दिवसभर वाऱ्यावर टाका’ हा सल्ला जयपूर-बिकानेरकडे चालत असेल. डिचोलीत जुलै महिन्यात वाऱ्यावर टाकलेला रुमालसुद्धा संध्याकाळी ओलाच हाताला लागतो.

आमचं घर चिऱ्याचं, कौलारू. मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, पुढे सुपारी वाळत घालायचं सिमेंटचं अंगण. घरात अंथरायच्या वस्तू तीन जातींच्या आहेत. एक म्हणजे सासऱ्यांनी नोकरीच्या काळात उत्तरेकडून आणलेला मिर्झापूर-भदोहीकडचा लोकरी गालिचा, सहा बाय नऊ फुटांचा, हातगाठीचा. दुसरा मुलाच्या खोलीतला टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता लोकर चिकटवलेला गालिचा, अलीकडे विकत घेतलेला. आणि तिसरे चवथीच्या आरतीला, भजनाला अंथरायचे सुती जमखाने. जमखाने नवलगुंदचे आहेत. धारवाड जिल्ह्यातलं ते गाव जमखान्यांसाठीच ओळखलं जातं, आणि तिथे मागावर बसतात त्या बायकाच. या तिघांची तब्येत अगदी वेगळी. एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मारतं.

मोठा गालिचा दरवर्षी पावसाळ्याआधी गुंडाळला जातो. गेल्या पावसात तो अंथरलेलाच राहिला. सासूबाई आजारी होत्या, त्यांचा दिवाण त्याच खोलीत होता आणि थंड फरशीवर पाय टेकवताना त्यांना त्रास होई. श्रावणात खोलीत शिरलं की ओल्या घोंगडीचा वास यायला लागला. दिवाण सरकवून कोपरा उलटला तर पाठीवर पांढुरकी बुरशी, आणि दिवाणाच्या पायाजवळ तळहाताएवढ्या जागी लोकरच नाही. नुसते सुती धागे उघडे पडलेले. कसर लागली होती.

बुरशी का येते ते आधी समजून घेतलं. लोकर हवेतलं पाणी ओढून घेते. खोलीत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून बसते, सुताच्या बाबतीत हेच प्रमाण आठ-साडेआठ टक्के. हवा आणखी दमट झाली की लोकरीतलं पाणी तीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं आणि तरीही हाताला ती ओली वाटत नाही. बुरशीला साचलेलं पाणी लागत नाही, सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता सलग मिळाली तरी पुरते. आमच्या घरात पावसाळाभर यापेक्षा कमी आकडा क्वचितच दिसतो. आर्द्रतामापक म्हणून छोटं डिजिटल घड्याळवजा यंत्र मिळतं, काही शे रुपयांना. गोव्यात लोकर, पुस्तकं, हार्मोनियम यांतलं काहीही घरात असेल त्यांनी ते भिंतीला लावावंच असं मी म्हणेन. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आकड्यात दिसायला लागली की निर्णय सोपे होतात.

श्रावणात गालिचा धुण्याचा प्रश्नच नव्हता. धुतला असता तर तो वाळण्याआधी कुजला असता. म्हणून त्या वेळी इतकंच केलं: उघाड पडली त्या दुपारी गालिचा पडवीत नेला, तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने पाठीवरची कोरडी बुरशी बाहेरच्या दिशेला झाडली आणि उलट-सुलट बाजूंनी व्हॅक्यूम फिरवला. मग मधल्या खोलीत दोन बाकांवर आडवा टाकून खाली-वर पंखे लावले. नात्यातल्या एकांकडून डिह्युमिडिफायर मागून आणला. दारं-खिडक्या लावून तो चालवला की रोज टाकीत कित्येक लिटर पाणी जमायचं. घरातल्या हवेत एवढं पाणी फिरत असतं यावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. आकडा साठच्या खाली आला, वास मंदावला, आणि गालिचा तुळशीच्या लग्नापर्यंत तग धरून राहिला.

मधल्या काळात मी कळंगुटला एका काश्मिरी दुकानदाराकडे गेले. किनारपट्टीवर त्यांची गालिच्यांची दुकानं बरीच आहेत आणि त्यांतले काही जण स्वतः माग जाणणारे असतात. त्याने फोटो बघण्याआधी विचारलं, पाठीचा फोटो कुठाय. गालिचा ओळखायचा तो पाठीवरून. हातगाठीच्या गालिच्यात पुढची नक्षी पाठीवर तशीच्या तशी दिसते, एकेक गाठ बारीक ठिपक्यासारखी मोजता येते, आणि दोन्ही टोकांची झालर म्हणजे ताण्याचेच, विणीतले उभे धागे असतात. टफ्टेडच्या पाठीला जाड कापड चिकटवलेलं असतं, नक्षी दिसत नाही आणि झालर असलीच तर वरून शिवलेली. पहिला पाण्याने धुता येतो. दुसरा भिजवायचा नाही. मग तो म्हणाला, “दीदी, वॉशिंग पावडर को हाथ मत लगाना.” याचं कारण सरळ आहे. लोकर म्हणजे केसच, प्रथिनाचे. कपड्यांच्या पावडरी चांगल्याच क्षारीय असतात, त्यांचा पीएच दहाच्या आसपास जातो आणि लोकर खरखरीत, निर्जीव होते. शिवाय बऱ्याच पावडरींत प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइम्स घातलेली असतात, ती डागाबरोबर लोकरही सोडत नाहीत. ब्लीचचं तर विचारूच नका, क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते.

तेव्हा आमच्या सासूबाईंचा रिठाच बरा. रिठ्याचं पाणी क्षारीय नसतं, किंचित आम्लीच असतं, आणि त्यातलं सॅपोनिन मळ सोडवायला पुरेसं आहे. आदल्या रात्री बिया काढून रिठे भिजत घातले, सकाळी उकळून कुस्करले आणि धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळले. गाळण्यात आळस करू नये. सालीचा चोथा गाठींत अडकला तर तो काढण्यातच पाणी वाया जातं. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्या किंवा अगदी फिक्या गालिच्याला मी ते वापरणार नाही, तिथे लोकरीच्या कपड्यांचा बाजारचा पातळ साबण घ्यावा. आमचा गालिचा गर्द लाल, त्यात निळा आणि खाकी.

रंगाची परीक्षा मात्र कुठल्याही साबणाआधी. पांढरं सुती फडकं त्याच रिठ्याच्या पाण्यात बुडवून प्रत्येक रंगावर जरा वेळ दाबून धरायचं. लाल रंग पक्का निघाला. खाकीही. गर्द निळ्याने फडक्यावर अगदी पुसट छटा सोडली. याचा अर्थ एवढाच की गालिचा पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, गरम पाणी वापरायचं नाही आणि काम झपाट्याने उरकायचं. छटा ठळक आली असती तर मी घरी धुतलाच नसता.

आता अंगण. सुपारी उतरायला लागली की अंगणात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून आमच्या घरात हे काम तुळशीच्या लग्नानंतर लगेच, सुपारीच्या आधी करावं लागतं. सुपारीत टॅनिन असतं. वर्षानुवर्षं सुपारी वाळलेल्या सिमेंटवर ओलं सूत टेकलं तर तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. त्यामुळे आधी अंगण खराट्याने घासून काढलं, मग वर धुतलेली ताडपत्री पसरली. अंगणाला पागोळ्यांच्या पाण्यासाठी उतार दिलेला आहे, त्याच उताराला गालिच्याची लांबी आणि लोकरीचं पडणं, दोन्ही जुळवून घेतलं. लोकरीचं पडणं हाताने कळतं. एका दिशेने हात फिरवला की मऊ लागतं, उलट फिरवला की अंगावर येतं. ब्रश, वायपर, व्हॅक्यूम सगळं मऊ लागणाऱ्या दिशेनेच.

पाणी लावण्याआधी धूळ काढायची असते आणि याला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. गालिचा पालथा घालून, बांबूंवर जरा अधांतरी ठेवून पाठीवर वेताच्या छडीने हलके ठोके देत गेलो. खाली ताडपत्रीवर तांबडी भुकटी जमायला लागली. वर्षभर दर आठवड्याला व्हॅक्यूम फिरवूनही एवढी निघाली. खाणींचा तालुका आमचा, ट्रकांच्या वाटेवरची लाल धूळ घरात येतेच, आणि शिवाय चिऱ्याच्या जमिनीतली माती. ही धूळ वर दिसत नाही, जड असल्यामुळे गाठींच्या बुडाशी जाऊन बसते आणि चालताना धाग्यांवर घासून त्यांना आतून कापते. शिवाय ती लोहाची. कोरडी असेपर्यंत झाडून निघते, एकदा ओली करून चोळली की लोकरीत रुतते आणि साबणाला दाद देत नाही. पावसाळ्यात मुलं चिखलाचे पाय घेऊन गालिच्यावर आली तरी हाच नियम: पुसायला धावायचं नाही, वाळू द्यायचं, मग ब्रश आणि व्हॅक्यूम.

धुण्याआधी आणखी एक गोष्ट केली आणि ती या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगाची ठरली. सुपारीच्या पोत्यांसाठी घरात लोंबता वजनकाटा आहे. गालिचा गुंडाळून, दोरी बांधून त्याला टांगला. वजन १७ किलो भरलं. त्या दुपारी हवेतली आर्द्रता ५८ टक्के होती. दोन्ही आकडे खडूने पडवीच्या खांबावर लिहून ठेवले.

धुणं त्यामानाने लवकर आटपलं. सकाळी दव उडाल्यावर विहिरीचं पाणी पाइपने सोडलं. सुरुवातीला पाणी गालिच्यावरून नुसतं घरंगळत होतं, लोकर लवकर भिजत नाही. हाताने दाबत गेल्यावर ते आत शिरलं आणि उताराच्या टोकाला तांबडा ओघळ लागला. रिठ्याचं पाणी मगाने ओतून मऊ ब्रशने पडत्या दिशेला ओढत गेले. गोल गोल घासू नये, लोकरीचे शेंडे गुंततात. माझा भाचा वायपर ओढत होता. बाथरूमचाच रबरी वायपर, पण नवा. ओढलं की मळकं पाणी लाटेसारखं पुढे निघून जायचं आणि मागे नक्षी उजळ व्हायची. “मामी, हा हिरवा रंग आधी होता?” असं त्याने विचारलं तेव्हा सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, “होता रे, मी नवा बघितलाय.” वेलीच्या पानांच्या कडा हिरव्या आहेत हे मलाही त्या दिवशीच पहिल्यांदा नीट दिसलं.

पाठही तशीच धुतली आणि पुन्हा पुढची बाजू. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळत राहायचं. फेस राहिला तर वाळल्यावर लोकर चिकट होते आणि धूळ दुप्पट धरते. शेवटच्या बादलीत कपभर पांढरा व्हिनेगर घातला. त्याने रंग स्थिर राहायला मदत होते. व्हिनेगर दुकानातला पांढरा सिंथेटिकच. आपल्याकडचा माडाच्या सुरेचा विनागर स्वयंपाकात कितीही चांगला असला तरी त्याला स्वतःचा रंग असतो, तो इथे नको.

वायपरने शक्य तेवढं पाणी ओढून, गालिचा गुंडाळून उताराला निथळत ठेवला. पिळायचा नसतो, आणि दोरीवर टांगायचा तर मुळीच नाही. ओल्या गालिच्याचं वजन एका रेघेवर आलं की ताणे ताणले जातात आणि गालिचा कायमचा वाकडा होतो. निथळल्यावर काट्याला लावला, ३१ किलो. म्हणजे गालिच्यात चौदा लिटर पाणी. भिजलेला गालिचा दोघांनी उचलताना मधून धरायचा नाही, बांबूभोवती गुंडाळूनच न्यायचा.

बाकांवर बांबू आडवे टाकून माच केला होता. त्यावर गालिचा पालथा घातला. पाठ उन्हाला, लोकर सावलीत. सुती ताणे पाठीशी असतात, पाणी जास्त काळ तिथेच राहतं, आणि उन्हाने रंग उडायचा तर तो पाठीचा उडू दे. खालून वारा खेळता हवा. झालरीचे धागे मोकळे करून फडक्याने टिपत राहिले, कारण सूत फार वेळ ओलं राहिलं की वाळताना टोकाला तपकिरी कड येते.

पहिल्या दिवशी उन्हं कलायच्या आत गालिचा पडवीत घेतला. हे फार महत्त्वाचं. हिवाळ्यात आपल्याकडे दुपार कोरडी असते, पण रात्री दव पडतं. आमच्या यंत्रावर दुपारी ५४ दाखवणारा आकडा पहाटे ९० च्या घरात जातो. दिवसभर कमावलेला कोरडेपणा एका रात्रीत गमावता येतो. रात्रभर खालून एक आणि वरून एक पंखा चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गालिचा हाताला कोरडा लागला. लोकर फुलली होती, मऊ झाली होती, वासही स्वच्छ. पाहुणे बघून म्हणाले, वाळला की, अंथरा. काट्याला लावला तर २० किलो. तीन लिटर पाणी अजून आत, आणि बोटांना त्याचा पत्ता नाही! असाच गुंडाळला असता किंवा फरशीवर टाकला असता तर महिनाभरात पुन्हा बुरशी. मला वाटतं, आपल्याकडे धुलाईहून आलेल्या गालिच्यांना थोड्याच दिवसांत कुबट वास येतो तो याच तीन लिटरांमुळे. काटा १७ वर येईपर्यंत तो माचावर राहिला, रोज संध्याकाळी आत, रोज सकाळी बाहेर. १७ आल्यावरही त्या रात्री लोकरीवर वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरून वर पाट ठेवले. सकाळी कागद कडक आणि सपाट निघाले. सुरकुतले असते तर आणखी वाळवावा लागला असता. ज्यांच्या घरी मोठा काटा नाही त्यांनी निदान ही कागदाची परीक्षा करावी.

कसरीचं थोडं वेगळं आहे. लोकर खाते ती अळी. पतंग झालेला तो बारीक किडा काही खात नाही, फक्त अंडी घालतो. अळीला अंधार आणि शांतता हवी, म्हणून ती दिवाणाखाली, कपाटामागे, गालिच्याच्या जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा भागात सापडते. आपल्याकडे भिंतींवर राखाडी रंगाच्या, काकडीच्या बीसारख्या चपट्या पिशव्या चिकटलेल्या दिसतात. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. एक पिशवी भिंगाखाली धरून बसा: दोन्ही टोकांना चीर असते, जरा वेळाने एका चिरीतून तपकिरी डोकं बाहेर येतं, तीन जोड्या पाय भिंतीला धरतात आणि अख्खी पिशवी अर्धा बोट पुढे सरकते. धोका वाटला की डोकं आत, आणि मग दुसऱ्याच टोकातून बाहेर. ही कोळ्याची जाळी खाते, केस खाते, लोकरही खाते. दिवाणामागच्या पिशव्यांवर मला आमच्या गालिच्याचे लाल तंतू चिकटलेले दिसले. भिंतीवर या पिशव्या वाढायला लागल्या की गालिचा उलटून बघायची वेळ झाली असं समजावं.

धुण्याने अंडी, अळ्या बहुतेक निघून जातात. पण देवघरातली लोकरीची दोन आसनं धुण्याजोगी नव्हती, फार जुनी, रंग कच्चा. त्यांना थंडीचा उपाय केला. उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवलं की अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दमट हवेतलं पाणी थंड लोकरीवर जमतं. दिवसभर तशीच राहू द्यायची. गावात डीप फ्रीझर मासळीवाल्याकडे आहे आणि आइस्क्रीमवाल्याकडे आहे. देवाची आसनं, तेव्हा आइस्क्रीमवाल्याला गळ घातली. त्याने आनंदाने जागा करून दिली.

डांबरगोळ्यांबद्दल लोक विचारतात. त्यांचा वास कोंडलेल्या पेटीत काम करतो, उघड्या खोलीत नाही, आणि घरात तान्हं मूल असेल तर मी त्या ठेवणार नाही. काही मुलांना नॅप्थलीनचा गंभीर त्रास होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुलिंबाचा पाला ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी ठेवते, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. खरा इलाज म्हणजे महिन्यातून एकदा सगळं जड सामान हलवून गालिच्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. झालर मात्र व्हॅक्यूमच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, आणि फिरत्या ब्रशचं तोंड हातगाठीला लावायचं नाही.

टफ्टेड गालिच्याची कथा दुःखाची आहे. तो आम्ही शहरातल्या एका धुलाईवाल्याकडे दिला होता. परत आला तेव्हा वरून छान दिसत होता. काही दिवसांनी मुलाच्या खोलीत केर काढताना रोज पिवळसर भुकटी सापडू लागली. टफ्टेडमधली लोकर गाठलेली नसते, कापडात टोचून मागून लॅटेक्सने चिकटवलेली असते. तो पाण्यात बुडवून गरम हवेत वाळवल्यावर लॅटेक्स तडकलं, पाठीचं कापड फुग्यांसारखं सुटलं. त्यांनी जबाबदारी घेतली नाही. आता त्यावर चालणं म्हणजे भुकटी पाडणं, त्यामुळे तो गुंडाळूनच ठेवला आहे. टफ्टेड गालिचा कुणाकडे धुवायला देणार असाल तर भिजवणार का, एवढं आधी विचारून घ्या, आणि उत्तर गोलमोल आलं तर परत घरी आणा. घरच्या घरी नुसता फेस वरवर फिरवून, फडक्याने टिपून, पंख्याखाली वाळवणं पुरतं. दमट गावात हा प्रकार विकत न घेतलेला बरा, असं माझं आता ठाम मत आहे.

जमखान्यांचं सगळं सोपं. चवथीनंतर त्यांच्यावर समईचं तेल, कुंकू, हळद, खतखत्याचे थेंब असं सगळं असतं. तेलावर लगेच तांदळाचं पीठ दाबून रात्रभर ठेवायचं, सकाळी झटकायचं आणि राहिलेलं भांड्याच्या साबणाने काढायचं. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. हळदीचा रंग क्षाराने लाल होतो, एवढंच. खळबळून उन्हात टाकला की पुन्हा पिवळा, आणि दोन-तीन उन्हांत गायब. हळद उन्हापुढे टिकत नाही. चतुर्थीनंतर ऊन कमी, तेव्हा डाग तसाच ठेवून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघितली तरी बिघडत नाही. जमखाने सुती आणि जाड, त्यांना दगडावर आपटलेलंही चालतं.

मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, मोठा गालिचा पुन्हा गुंडाळायचा. घडी घालायची नाही, घडीवर ताणे तुटतात. जाड पीव्हीसी पाइपाला जुनी सुती चादर गुंडाळून त्यावर गालिचा, आणि वरून पुन्हा धुतलेली सुती चादर. प्लॅस्टिक नको, आतला दमटपणा आतच कोंडतो. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पावसात चिरा पाणी ओढतो. मधल्या खोलीत बाकावर, चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवते, आणि श्रावणातल्या प्रत्येक चांगल्या उघाडीला सोडून बघते. डिह्युमिडिफायर यंदा स्वतःचाच घेतला.

राहिला तो खाल्लेला तुकडा. कळंगुटच्या दुकानदाराने सांगितलं की ताणे जिवंत आहेत, तेव्हा फक्त नव्या गाठी माराव्या लागतील. पण त्याने एक अट घातली: धुतल्याशिवाय आणू नका. मळलेल्या लोकरीशी रंग जुळवून गाठी मारल्या तर पहिल्या धुण्यानंतर तेवढाच चौकोन गर्द उठून दिसतो. आता गालिचा स्वच्छ झाल्यावर त्याने तिन्ही रंगांचे नमुने दिवसाच्या उजेडात जुळवून घेतले आहेत, लाल तर दोन छटांचा निघाला. मजुरी त्याने गाठींवर ठरवली. म्हणून कुणी दुरुस्तीला जाणार असाल तर पाठीवर फूटपट्टी ठेवून एका इंचात आडव्या आणि उभ्या गाठी किती ते आधी मोजून न्या. आमच्या गालिच्यात दोन्हीकडे आठ, म्हणजे चौरस इंचाला ६४. तुकड्याचं क्षेत्रफळ काढून गुणाकार करून नेला होता, त्यामुळे भाव ठरवताना दोघांनाही सोपं गेलं.